झांकली मूठ आणि उघडी मूठ

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यांतील दोन तालुके सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं, बोरघाटाच्या तोंडावर वसलेले आहेत. समुद्रावरून चालून येणारे ढग येथें डोंगराला अडतात, आणि मृग लागून थोडे दिवस लोटले, कीं कर्जतकडे उल्हास नदी व खोपोलीकडे पाताळगंगा दुथडी भरून वाहूं लागते. अशा मुलखांत पावसाचा आकडा हा केवळ गप्पांचा विषय नसतो. एखाद्या महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, तर सरकारदप्तरीं ती अतिवृष्टि समजली जाते, आणि भाताच्या नुकसानभरपाईचा विचार त्या आकड्यापासून सुरू होतो. हवामानखातें तर २०४.५ मिलिमीटर व त्याहून अधिक पावसाला आपल्या वर्गवारींत सर्वांत वरचें स्थान देतें. २०२३ सालच्या १९ जुलैच्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हातीं लागले. सत्तावन्न माणसांचा पत्ता लागला नाहीं आणि अखेर शोध थांबवावा लागला. तेव्हांपासून या बाजूच्या डोंगराखालच्या घरांतून पावसाळ्याच्या रात्रीं "आज किती पडला?" हा प्रश्न निराळ्याच स्वरांत विचारला जातो.

त्या प्रश्नाचें उत्तर हल्लीं पुष्कळदां संगणकाकडून मागण्यांत येतें. निरनिराळ्या गांवच्या पर्जन्यमापकांचे आकडे यंत्रांत भरावे, त्यांतील सर्वांत मोठा कोणता तें यंत्रानें काढावें, आणि तो ठराविक मर्यादेबाहेर गेला तर यंत्रानेंच धोक्याची सूचना द्यावी, हें काम दिसावयास अगदीं सोपें आहे. परंतु या सोप्या कामांत एक बारीकशी गांठ आहे. ती न उकलतां जो पुढें जातो, त्याचें यंत्र उन्हाळ्यांत बरोबर बोलतें आणि ऐन पावसाळ्यांत मुकें होतें. ती गांठ अशी: 'पुष्कळ वस्तु' आणि 'पुष्कळ वस्तूंची एक यादी' या दोन गोष्टी संगणकाच्या लेखीं एक नव्हेत.

प्रथम फंक्शन म्हणजे काय, तें पाहूं. संगणकाला एखादें काम एकदां समजावून सांगावें, त्या कामाला नांव द्यावें, आणि पुढें नुसतें नांव घेऊन तें काम करवून घ्यावें, या सोईला फंक्शन म्हणतात. नांवापुढें कंस करून त्यांत जीं मूल्यें द्यावयाचीं, तीं त्या फंक्शनाचीं आर्ग्युमेंटें होत. कांहीं फंक्शनें आर्ग्युमेंटांच्या संख्येबाबत कडक शिस्तीचीं असतात. वर्ग करणाऱ्या फंक्शनाला एकच अंक लागतो. दोन दिले, तर दुसऱ्याचें काय करावें हें त्याला ठाऊक नसतें. उलटपक्षीं कांहीं फंक्शनें उदार असतात. सर्वांत मोठा अंक काढणारें फंक्शन घ्या. त्याला येथें 'कमाल' असें नांव देऊं. कमाल(१२, ४०) असें लिहिलें तरी तें उत्तर देतें, आणि कमाल(१२, ४०, ८८, ७) असें लिहिलें तरी देतें. पंक्तीला पाहुणे किती येतील याची आगाऊ गणती न करणाऱ्या यजमानासारखें हें फंक्शन आहे. येतील तितक्यांस तें पान वाढतें.

आतां अशी कल्पना करावी, कीं खोपोलीस महाविद्यालयांत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानें आपल्या वाडीसाठीं पावसाच्या सूचनेचा एक लहानसा प्रोग्राम लिहिला आहे. त्याची भाषा जावास्क्रिप्ट. ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं तयार केली, आणि घरोघरच्या संगणकांत व मोबाइलांत पानें दाखविण्याच्या कामीं तीच मुख्यतः वापरली जाते. तींत कमाल काढणाऱ्या फंक्शनाचें नांव मॅथ.मॅक्स असें आहे. आसपासच्या गांवांचे आकडे एकत्र करून विद्यार्थी त्यांची एक यादी करतो, ती यादी जशीच्या तशी त्या फंक्शनाच्या हातीं देतो, आणि उत्तर २०४.५ हून मोठें आलें तर मोबाइलावर घंटा वाजावी असें लिहून ठेवतो.

जूनच्या आरंभीं एकच पर्जन्यमापक चालूं झालेला असतो. सकाळीं साडेआठ वाजतां, म्हणजे चोवीस तासांचा पाऊस मोजण्याच्या नेहमींच्या वेळीं, कर्जतचा एकच आकडा येतो: १२. यादींतही तो एकच. फंक्शन उत्तर देतें, १२. विद्यार्थी समाधान पावतो आणि प्रोग्राम वाडीच्या हवालीं करतो. जुलै लागतो. आतां पांच ठिकाणचे आकडे येऊं लागतात. केवळ उदाहरणादाखल ते असे धरूं: कर्जत १४२, नेरळ ११८, कशेळें १६७, चौक २०९, खोपोली २३१. यांतील दोन आकडे मर्यादेबाहेरचे आहेत. अर्थात् घंटा खणखणली पाहिजे. ती वाजत नाहीं. पडद्यावर चूक झाल्याची तक्रारही उमटत नाहीं. वाडी निजलेलीच राहते.

सकाळीं विद्यार्थी आपल्या मामांकडे धांवतो, अशी ही कल्पना आणखी थोडी पुढें नेऊं. मामांची हयात टपालखात्यांत थैल्या फोडण्यांत व पत्रें लावण्यांत गेलेली आहे.

"मामा, काल-परवांपर्यंत बरोबर चालत होतें हो! एकाएकीं काय बिघडलें?"

"अरे, बिघडलें कांहींच नाहीं. तूं पत्रें दिलींसच नाहींस, थैली दिलीस. जूनमध्यें थैलींत एकच पत्र होतें, तें कापडाआडून कसेंबसें वाचतां आलें. आतां पांच पत्रें एकावर एक पडलीं. बाहेरून काय वाचणार?"

मामांनीं टपालाच्या भाषेंत जें सांगितलें, तेंच यंत्राच्या पोटांत घडलेलें असतें. मॅथ.मॅक्स या फंक्शनाला सुटे अंक हवे असतात. त्याच्या हातीं पांच अंक आलेच नाहींत. एकच वस्तु आली, आणि ती वस्तु म्हणजे यादी. ही भाषा स्वभावानें भिडस्त आहे. समोर आलेली वस्तु अंक नसेल, तर तिचा अंक करण्याचा ती आपल्या परीनें प्रयत्न करते. यादीचें प्रथम अक्षरांत रूपांतर होतें आणि मग त्या अक्षरांतून अंक वाचण्यांत येतो. यादींत १२ एवढेंच असलें, तर अक्षरेंही '१२' एवढींच होतात आणि अंक सुखरूप बाहेर येतो. परंतु पांच आकडे असले, कीं मधल्या स्वल्पविरामांसकट एक लांबलचक मजकूर तयार होतो. त्याचा कोणताच एक अंक होऊं शकत नाहीं. मग यंत्र 'नॅन' असें उत्तर देतें. 'अंक नव्हे' असा त्याचा अर्थ. आणि 'अंक नव्हे' हें उत्तर २०४.५ हून मोठें आहे काय, असें विचारल्यास यंत्र 'नाहीं' म्हणतें. लहान आहे काय, असें विचारल्यासही 'नाहीं'च म्हणतें. घंटेला लावलेली अट पहिल्या प्रश्नाची होती. 'नाहीं' आलें आणि घंटा स्तब्ध राहिली.

आपल्याकडे झांकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माणसांच्या व्यवहारांत तें खरेंही आहे, कारण मुठींत काय असेल याचा तर्क माणूस करतो आणि तर्कानेंच किंमत वाढवितो. यंत्र असा तर्क करीत नाहीं. झांकली मूठ त्याला नुसती एक मूठ दिसते.

शालेय व्याकरण ज्यांच्या स्मरणांत आहे, त्यांना हा भेद नवीन वाटूं नये. द्वंद्व समासाचे प्रकार मराठींत सर्वांनीं घोकलेले असतात. 'रामलक्ष्मण' या समासाचा विग्रह 'राम आणि लक्ष्मण' असा होतो. दोघेही आपापल्या ठिकाणीं उभे राहतात. हा इतरेतर द्वंद्व. 'मीठभाकर' म्हटलें, कीं मात्र मीठ आणि भाकर एवढ्याच दोन वस्तु सुट्या डोळ्यांपुढें येत नाहींत. साधें जेवण म्हणून जो समुदाय, तो एकपणानें येतो. हा समाहार द्वंद्व. संगणकाला यादी जशीच्या तशी देणें म्हणजे समाहार होय. तिचा विग्रह करून एकेक घटक देणें म्हणजे इतरेतर होय. भेद इतकाच, कीं 'रामलक्ष्मण आले' आणि 'मीठभाकर खाल्ली' यांतील फरक मराठी माणूस न सांगतां ओळखतो. संगणकाला तो चिन्हानें सांगावा लागतो.

तें चिन्ह जावास्क्रिप्टांत तीन टिंबांचें आहे. २०१५ सालीं त्या भाषेचें जें नवें प्रमाणक प्रसिद्ध झालें, त्यांत यादीच्या नांवामागें तीन टिंबें देण्याची सोय झाली. कमाल(आंकडे) असें लिहिलें, तर थैली बंद जाते; कमाल(...आंकडे) असें लिहिलें, तर थैली दारांतच फोडली जाते आणि पांचही आकडे सुटे आंत जातात. त्याहून जुन्या काळीं हेंच काम 'ॲप्लाय' नांवाच्या सोईनें करीत. विद्यार्थ्यानें तीं तीन टिंबें घातलीं, कीं उत्तर २३१ येतें आणि घंटा वाजते. एका रात्रीच्या मौनाचें कारण तीन टिंबांचें होतें.

'ॲप्लाय' हा शब्द मात्र जावास्क्रिप्टाहून पुष्कळ जुना आहे. जॉन मॅकार्थी या अमेरिकन गणितज्ञानें लिस्प नांवाच्या भाषेची मांडणी करणारा निबंध १९६० सालीं प्रसिद्ध केला. त्या भाषेचें नांवच मुळीं याद्यांवर प्रक्रिया करण्यावरून पडलेलें आहे. त्या निबंधांत ॲप्लाय या नांवाचें फंक्शन आढळतें. एक फंक्शन आणि त्याच्या आर्ग्युमेंटांची यादी अशा दोन वस्तु तें घेतें, आणि ती यादी त्या फंक्शनाला लागू करून उत्तर देतें. म्हणजे थैली फोडून पत्रें ज्याच्या त्याच्या हातीं देणारा कारकून या शास्त्राच्या बाल्यावस्थेंतच नेमला गेला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

सी नांवाच्या भाषेंत स्थिति याहून कठीण आहे. डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास ही भाषा घडविली. तींत छपाईचें काम करणारें 'प्रिंटएफ' हें फंक्शन हवीं तितकीं मूल्यें घेतें. पण तीं किती आलीं, हें त्याचें त्याला कळत नाहीं. आरंभीं दिलेल्या नमुन्याच्या ओळींत जितक्या जागा सोडलेल्या असतील, तितकीं मूल्यें आलीं असें तें धरून चालतें. जागा पांच आणि मूल्यें तीन, अशी विसंगति झाली, तर पुढें काय होईल याची हमी ती भाषा देत नाहीं. शिवाय यादी फोडून सुटीं मूल्यें करणारें कोणतेंच चिन्ह तींत नाहीं. यावर भाषेच्या कर्त्यांनीं व प्रमाणक ठरविणाऱ्यांनीं दुहेरी व्यवस्था केली. सुटीं मूल्यें घेणारें एक फंक्शन, आणि आधींच बांधलेला मूल्यांचा गठ्ठा घेणारें त्याचेंच दुसरें भावंड. प्रिंटएफचें भावंड 'व्हीप्रिंटएफ'. १९८९ सालच्या अमेरिकन प्रमाणकांत या जोडीला स्थान मिळालें. ज्या टपालकचेरींत सुट्या पत्रांची खिडकी निराळी आणि थैल्यांची खिडकी निराळी असते, तिथल्यासारखाच हा प्रकार झाला. गर्दी कमी होते. मात्र कोणत्या खिडकीशीं उभें राहावयाचें, हें येणाऱ्यानें ओळखलें पाहिजे.

पायथन ही भाषा ग्विडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेवली. हल्लीं शाळा-महाविद्यालयांतून तीच पुष्कळ ठिकाणीं शिकवितात. तींत थैली फोडण्याचें चिन्ह म्हणजे एक तारका. २००० सालीं ही तारका आली आणि ॲप्लायची गरज संपली. तिचें कार्य आकड्यांपेक्षां नांवांत अधिक स्पष्ट दिसतें. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या फांट्यावर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली अशीं स्थानकें लागतात. या पांच नांवांची यादी करून ती तशीच छपाईच्या फंक्शनाला दिली, तर चौकोनी कंस, अवतरणचिन्हें आणि स्वल्पविराम यांसकट सारें बांधलेलें गांठोडें कागदावर उतरतें. यादीमागें तारका दिली, कीं पांच नांवें एकापुढें एक, स्वच्छ छापून येतात. पहिल्या वेळीं फंक्शनाला एक वस्तु मिळाली होती. दुसऱ्या वेळीं पांच मिळाल्या.

याच भाषेंत कमाल काढणारें फंक्शन मोठें समंजस आहे. त्याला सुटे अंक दिले तरी चालतात आणि एक यादी दिली तरी चालते. ही सोय पाहून कोणी असें म्हणेल, कीं मग सर्वच फंक्शनें अशीं समंजस कां करूं नयेत? या प्रश्नाचें उत्तर त्याच फंक्शनाच्या एका अडचणींत आहे. त्याला एकच वस्तु मिळाली, तर ती यादीच असणार, असें तें गृहीत धरतें. आतां विद्यार्थ्यानें तारका देऊन थैली फोडली, आणि थैलींत नेमका एकच आकडा असला, तर फंक्शनाच्या हातीं एक सुटा अंक पडतो. तें त्या अंकालाच यादी समजून उघडूं पाहतें आणि चूक झाली म्हणून थांबतें. म्हणजे जावास्क्रिप्टांत बंद थैली एका पत्राच्या दिवशीं चालली आणि पांच पत्रांच्या दिवशीं फसली. पायथनांत उघडलेली थैली पांच पत्रांच्या दिवशीं चालते आणि एका पत्राच्या दिवशीं अडते. मात्र पायथन अडल्याचें मोठ्यानें सांगतें, आणि या क्षेत्रांत तो मोठाच गुण मानला पाहिजे. जी चूक ओरडते, ती दुरुस्त होते. जी चूक उत्तरासारखें तोंड करून बसते, ती घात करते.

जावा या भाषेंत २००४ सालीं हवीं तितकीं मूल्यें घेणाऱ्या फंक्शनांची सोय झाली. तेथें बहुतेक वेळां वस्तूंची रांग दिली, कीं भाषा ती आपण होऊनच सुट्या मूल्यांच्या जागीं बसविते. परंतु साध्या पूर्णांकांची रांग दिली, तर हा नियम लागू पडत नाहीं, आणि ती सबंध रांग एकच वस्तु म्हणून मोजली जाते. पांच पूर्णांकांच्या रांगेची यादी करावयास जावें आणि यादीची लांबी एक भरावी, असा चकवा त्या भाषेंतील अनेक नवशिक्यांनीं अनुभवलेला आहे.

येथवर असें वाटेल, कीं थैली नेहमीं फोडावी हाच यावरचा उपाय. तसें नाहीं. थैली फोडल्यानें कांहीं मिळतें, तसें कांहीं हरवतेंही. पर्ल नांवाची भाषा लॅरी वॉल यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली. तींत फंक्शनाला दिलेल्या याद्या आपोआप फुटतात. कर्जत तालुक्याच्या तीन आकड्यांची एक यादी आणि खालापूर तालुक्याच्या दोन आकड्यांची दुसरी यादी, अशा दोन याद्या दिल्या, तर आंत पांच सुटे आकडे पोंचतात. सर्वांत मोठा काढावयाचा असेल, तर त्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु दोन्ही तालुक्यांची सरासरी निरनिराळी हवी असेल, तर फंक्शनाला कर्जत कोठें संपलें आणि खालापूर कोठून सुरू झालें, हें कळण्यास मार्ग उरत नाहीं. दोन थैल्या एका मेजावर रिकाम्या केल्यावर कोणतें पत्र कोणत्या थैलींतलें, हें ओळखतां येऊं नये, तशी ही गत होते. म्हणून त्या भाषेंत अशा वेळीं थैल्यांऐवजीं त्यांचे पत्ते देण्याचा प्रघात आहे. बंद थैली आपली सीमा राखते; उघडी थैली आपले घटक देते. दोन्ही लाभ एकाच वेळीं हातीं येत नाहींत.

आणखी एक प्रसंग या संदर्भांत वारंवार येतो. एक फंक्शन हवीं तितकीं मूल्यें घेतें आणि स्वतः काम न करतां तीं पुढच्या फंक्शनाकडे धाडतें. पर्जन्यमापकांचे आकडे घेऊन त्यांची वहींत नोंद करणारें एक फंक्शन आहे. नोंद झाल्यावर तें तेच आकडे कमाल काढणाऱ्या फंक्शनाकडे पाठवितें, असें समजा. पहिल्या फंक्शनाच्या दारांत शिरतांना सुटे आकडे भाषेच्या नियमानें एका यादींत बांधले जातात. पुढें धाडतांना ही यादी पुन्हां फोडावयास विसरलें, तर दुसऱ्याला पत्रांऐवजीं थैली मिळते. त्याच्याही दारांत ती पुन्हां बांधली गेली, तर थैलींत थैली होते. तिसऱ्या मुक्कामावर थैलींतल्या थैलींत थैली. ज्या टपालाला चार ठिकाणें ओलांडावयाचीं आहेत, त्यानें प्रत्येक ठिकाणीं कोणत्या रूपांत आंत जावें आणि कोणत्या रूपांत बाहेर पडावें, हें आधींच ठरलेलें असावें, हा टपालखात्याचा साधा नियम येथेंही तंतोतंत लागू पडतो.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. थैली रिकामी असली तर? पावसाच्या सूचनेच्या कामीं हा प्रश्न काल्पनिक नाहीं. ज्या रात्रीं पाऊस सर्वांत भयंकर, त्याच रात्रीं वीज जाण्याचा, मोबाइलाचे मनोरे बंद पडण्याचा आणि एकाही गांवचा आकडा न येण्याचा संभव सर्वांत अधिक. अशा वेळीं जावास्क्रिप्टाच्या फंक्शनाला रिकामी यादी बंद स्थितींत दिली, तर उत्तर शून्य येतें. फोडून दिली, तर उत्तर ऋण अनंत येतें, म्हणजे कल्पनेंतल्या सर्व संख्यांहून लहान. गणिताच्या दृष्टीनें ऋण अनंत हें उत्तर सयुक्तिकच आहे. कारण तुलनेला एकही अंक नसतां आरंभ कोठून तरी करावयाचा, तर तो असा करावा, कीं पुढें कोणताही अंक आला तरी तोच मोठा ठरेल. परंतु डोंगराखालच्या घराच्या दृष्टीनें दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच. शून्य काय किंवा ऋण अनंत काय, २०४.५ हून मोठें नव्हे. घंटा वाजत नाहीं. 'बातमी आली नाहीं' याचें यंत्राच्या तोंडून 'पाऊस पडला नाहीं' असें भाषांतर होतें. पायथन मात्र रिकाम्या यादीची कमाल काढण्यास साफ नकार देतें, आणि हा नकारच अशा वेळीं उपकारक ठरतो.

म्हणून मामांनीं भाच्याला अखेरीस जो उपदेश केला असता, तो तीन वाक्यांत सांगतां येईल.

"बाळ, थैली कोणी फोडावयाची, तूं कीं घेणाऱ्यानें, हें आधीं ठरव आणि लिहून ठेव. फोडण्यापूर्वीं आंत पत्रें किती आहेत तें मोज; एकही नसेल, तर तीच मोठी बातमी समजून घंटा वाजव. आणि कामगिरीवर धाडण्यापूर्वीं तुझें यंत्र तीन प्रकारें तपासून पाहा: रिकाम्या थैलीनें, एका पत्राच्या थैलीनें आणि पुष्कळ पत्रांच्या थैलीनें."

यांतील पहिलें वाक्य रचनेविषयींचें आहे. जे आकडे स्वभावतःच समुदायानें येतात, जसे अनेक गांवांचे पर्जन्यमान, त्यांच्यासाठीं फंक्शनच असें लिहावें, कीं त्यानें एक यादी घ्यावी आणि ती आपल्या घरांत उघडावी. लक्षावधि आकड्यांची यादी फोडून सुटी दिली, तर कित्येक यंत्रणांत दारांतच चेंगराचेंगरी होऊन काम थांबतें. यादी बंद दिल्यास तो धोका राहत नाहीं. उलट जेथें लिहिणारा माणूस स्वतःच्या हातानें दोन-तीन मूल्यें देणार, तेथें सुटीं मूल्यें घेणारें फंक्शन सोईचें. दुसरें वाक्य मौनाविषयींचें आहे, आणि तिसरें परीक्षेविषयींचें. विद्यार्थ्याची पहिली चूक तीन टिंबांची खरी. परंतु त्याहून मोठी चूक ही, कीं त्यानें एका आकड्यावर यंत्राची परीक्षा घेतली आणि पांच आकड्यांच्या रात्रीसाठीं तें पास केलें.

संगणकाच्या भाषांतील असले नियम पाहून पुष्कळांना ते क्षुद्र वाटतात. एक तारका, तीन टिंबें, एखादा कंस, यांत काय एवढें! परंतु तारकेमागें जो प्रश्न उभा आहे, तो मुळींच क्षुद्र नाहीं. समुदायाला एक म्हणून पाहावयाचें, कीं त्यांतील प्रत्येकाला पाहावयाचें, हा तो प्रश्न होय. सरकारी कागदांत 'पावसाचे आकडे' ही एक नोंद असते; वाडींतल्या माणसाला मात्र चौकचा आकडा निराळा आणि खोपोलीचा निराळा हवा असतो, कारण पाणी त्याच्या घरावर कोणत्या डोंगराकडून येणार, हें त्यावरून ठरतें. दोन्ही दृष्टि खऱ्या आहेत. यंत्र त्यांपैकीं कोणतीही आपण होऊन निवडीत नाहीं. त्याला जें चिन्ह दिलें असेल, तितकेंच तें जाणतें. निवड माणसानें करावयाची असते, आणि ती पाऊस सुरू होण्यापूर्वीं करावयाची असते.